फळ्याकडे पाठ, वर्गाकडे तोंड

मित्रांनो, मला पाहून लोकांचा काय काय गैरसमज होतो ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही चुकलात तरी वाईट वाटून घेणार नाही. एका पालकांनी मला शिलाई मशीन समजून "आमच्या आईकडे अगदी अस्संच होतं" असं कौतुकाने सांगितलं होतं. शाळा रंगवायला आलेल्या रंगाऱ्याने माझ्या काचेवर चहाचे कप मांडले. पाचवीतल्या एका मुलीने माझ्या मानेला हात लावून विचारलं, "हा टेबललॅम्प उलटा का बसवलाय?" तिघांमध्ये तीच खऱ्याच्या सगळ्यात जवळ पोचली. मी ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे. वय झालंय माझं, पण मला म्हातारा म्हणू नका, जुना म्हणा. जुना म्हटलं की जरा मान राहतो.

माझं अंग म्हणजे एक चौकोनी डबा. डब्यात दिवा, दिव्याशेजारी पंखा आणि वर जाड काच. एका कोपऱ्यातून दांडी उभी निघते आणि तिच्या टोकाला भिंग आणि आरसा बसवलेलं डोकं. काचेवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ठेवायचा आणि रंगीत पेनाने त्यावर लिहायचं, की अक्षर मागच्या भिंतीवर हातभर मोठं होऊन उमटतं. झालं माझं शास्त्र. पण यात एक खुबी आहे, ती नीट लक्षात ठेवा. खडूने लिहिणाऱ्याला फळ्याकडे तोंड करावं लागतं आणि वर्गाला त्याची पाठ दिसते. माझ्यावर लिहिणारा मुलांकडे बघत लिहितो. अक्षरं त्याच्या पाठीमागे आपोआप उमटत राहतात.

मला ज्या कारखान्यात जोडलं, तिथे एक बाई दिवसभर फक्त आमचे आरसे बसवायच्या. आरसा बसला की समोरच्या भिंतीवर एक रेघ पाडून बघायच्या. रेघ तिरकी आली की माझ्या डोक्याला चिमटीत धरून म्हणायच्या, "मान सरळ ठेव रे, पोरं वाकडं शिकतील." तेव्हापासून मी मान सरळ ठेवून आहे.

शाळेत आलो तेव्हा माझं स्वागत कपाटात झालं. तिथे माझ्या आधीची मंडळी बसलेली होतीच. रेडिओवरचे पाठ ऐकवणारा एक मोठा लाकडी डबा होता. चित्रांची पट्टी फिरवून भिंतीवर दाखवणारं एक यंत्र होतं, त्याची पट्टी दर वेळी त्याच चित्राशी अडकायची. दाराला कुलूप असलेला टीव्ही होता. त्यांच्याकडून मला शाळांची रीत समजली. नवीन यंत्र आलं की आधी त्याला कापडाचं कव्हर शिवतात, मग त्याला कुलूप लावतात आणि मग किल्ली कोणाकडे राहणार यावरून सगळे एकमेकांवर रुसतात. तोवर यंत्र जुनं होतं आणि दुसरं नवीन येतं.

मी मात्र कव्हरात सडलो नाही, कारण मला विज्ञानाच्या बाई भेटल्या.

बाई तेव्हा नोकरीला नव्या होत्या. अंगाने बारीक, आवाज खणखणीत. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं कव्हर काढलं, त्याची भांडी पुसायची फडकी केली आणि प्रयोगशाळेतल्या मामांना सांगितलं, "मामा, आजपासून हा माझ्याबरोबर वर्गात येणार." मामांनी मला ढकलगाडीवर चढवलं आणि त्या दिवसापासून आमची वरात रोज व्हरांड्यातून निघू लागली. एक चाक कुरकुरायचं, त्यामुळे आम्ही येतोय हे वर्गाला आधीच कळायचं.

बाईंचा हृदयाचा पाठ बघायला दुसऱ्या वर्गातली मुलं खिडकीशी उभी राहायची. आधी एका कागदावर नुसतं हृदय यायचं. त्यावर दुसरा कागद ठेवला की लाल रक्तवाहिन्या उमटायच्या, तिसरा ठेवला की निळ्या. मग बाई पेनाचं टोक काचेवर फिरवून रक्त कुठून निघतं आणि कुठे पोचतं ते दाखवायच्या, आणि त्याच वेळी कोणाच्या चेहऱ्यावर काही कळलेलं नाही हेही त्यांना समोर दिसत असायचं. "तू, खिडकीपाशी, मान हलवू नकोस. कळलं नाही तर नाही म्हण." मुलांना वाटायचं बाईंना मनातलं दिसतं. ते माझ्यामुळे दिसायचं, पण मी कधी भाव खाल्ला नाही. थोडा खाल्ला असेन.

मग एका वर्षी माझा पंखा खडखडायला लागला.

पंखा ही माझ्या जिवाची गोष्ट. तो थांबला तर दिवा तापून काच तडकते. बाईंना हे पक्कं ठाऊक होतं. पंख्याने जराशी कुरकुर केली तरी त्या लगेच मामांना बोलावून तेल घालून घ्यायच्या. पण त्या दिवशी पंखा डब्यात खडे भरल्यासारखा वाजत होता, मुलं एकमेकांकडे बघत होती, मागच्या बाकावरच्यांनी तर कानावर हात ठेवले होते, आणि बाई आपल्या शांतपणे पानाच्या शिरा काढत होत्या. शेवटी एक मुलगा म्हणाला, "बाई, हा फुटेल." बाईंनी मान वर केली आणि मुलांचे कानांवर ठेवलेले हात बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

तास संपल्यावर वर्ग रिकामा झाला. बाईंनी मला पुन्हा चालू केलं आणि माझ्या अंगाला तळहात लावला. माझी थरथर त्यांच्या हाताला लागली. कानाला आवाज लागला नाही. त्या मटकन पहिल्या बाकावर बसल्या. मित्रांनो, मी यंत्र आहे, मला रडता येत नाही. पण त्या दिवशी आपल्याला बोलता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला फार वाटलं.

बाईंना ऐकू येणं वर्षागणिक कमी होत गेलं. शाळेत त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. मला तेवढं कळलं, आणि मी कोणाला सांगणार? त्यांनी मुलांचे ओठ वाचायला सुरुवात केली. माझ्यामागे उभं राहिलं की सगळा वर्ग समोर, उजेडात. त्यांनी एक नियम केला. आधी हात वर करायचा, बाईंची नजर मिळेपर्यंत थांबायचं, मग उभं राहून विचारायचं, आणि तोंडात पेन्सिल घालून बोलायचं नाही.

आता गंमत बघा. हा नियम बघून हेडसर इतके खूश झाले की शिक्षकांच्या बैठकीत त्यांनी बाईंचं तोंड भरून कौतुक केलं. "शिस्त म्हणजे काय ते यांच्या वर्गात जाऊन बघा," असं म्हणाले आणि तोच नियम सगळ्या शाळेला लावला. पाटी करून प्रत्येक वर्गात टांगली. हेडसर मनाने वाईट नव्हते. शाळा पुढे जावी म्हणून त्यांचा जीव तळमळायचा, पण धीर नावाचा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. एखादी गोष्ट आवडली की ती लगेच सगळीकडे लावून मोकळे व्हायचे.

मधल्या काळात संगणक आले. त्यांची खोली वेगळी, तिला कुलूप वेगळं, आणि कव्हरं तर इतकी सुबक की संगणकांपेक्षा तीच आधी दिसायची. किल्ली हेडसरांच्या टेबलाच्या खणात. मुलांनी कीबोर्ड पहिल्यांदा कुठे पाहिला असेल? माझ्या काचेवर. त्याचं चित्र कागदावर काढून मुलं भिंतीवरच्या बटणांवर हवेत बोटं चालवायची. पुढे संगणकाचे सर आले. उत्साही तरुण माणूस, बोलताना हातवारे इतके करायचे की जवळ उभं राहायची भीती. त्यांनी पहिलं काम केलं ते म्हणजे सगळी कव्हरं काढली. मला तो माणूस तेव्हाच आवडला होता.

आणि मग एका सुट्टीत, शाळा बंद असताना, हेडसरांनी प्रत्येक वर्गात बोट लावून चालणारे मोठे चकचकीत फळे बसवून घेतले. शिक्षकांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता त्यांना. तो बसला. फळ्यावर चित्रं हलायची, आवाज यायचा, हृदय धडधडायचं. मुलं तोंडाचा आ वासून बघत राहिली. खोटं कशाला बोलू, मीही बघत राहिलो. माझ्या तीन कागदांचं हृदय कधी धडधडलं नव्हतं.

पण त्या फळ्यावर लिहायचं तर फळ्यापाशीच जावं लागायचं, त्याच्याकडे तोंड करून. म्हणजे वर्गाकडे पाठ. मला प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात उभं केलं गेलं आणि बाई पुन्हा पाठमोऱ्या झाल्या.

पुढे काय झालं ते मला प्रयोगशाळेत कळलं, कारण हेडसर बाईंशी बोलायला तिथेच आले. ते बाईंच्या दहावीच्या वर्गात मागे बसून तास बघून आले होते. बाईंच्या समोर स्टूल ओढून बसले, त्यामुळे त्यांचं बोलणं बाईंना नीट वाचता आलं.

"बाई, मुलं हात वर करून थांबली होती. तुम्ही वळलासुद्धा नाहीत."

"लिहिण्यात लक्ष होतं, सर."

"एक मुलगी दोनदा उठली. शेवटी गप्प बसली बिचारी. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. नवीन फळा आवडला नसेल तर तसं सांगा, पण त्याचा राग मुलांवर का काढायचा?"

बाईंचा चेहरा उतरला. "राग नाही हो सर."

"मग काय आहे?"

बाईंनी टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. हेडसर उठले आणि म्हणाले, "परवा मी परत येतो तासाला. असंच चाललं तर दहावी दुसऱ्या कोणाला द्यावी लागेल. तुम्ही वाचनालय सांभाळा. तेही महत्त्वाचंच काम आहे." हे शेवटचं वाक्य ते दाराकडे जाता जाता बोलले. बाईंपर्यंत ते पोचलं नाही, आणि नाही पोचलं तेच बरं झालं.

त्या संध्याकाळी बाईंची लेक त्यांना घ्यायला आली. तीही आईसारखीच, सरळ मुद्द्याला हात घालणारी. समोर बसून, ओठ नीट हलवत म्हणाली, "आई, सांगून टाक ना एकदाचं."

"सांगितलं की हातात पुस्तकांची यादी देतात. वर्ग नाही देत."

"मग कानातलं मशीन घाल. कपाटात ठेवायला घेतलंय का ते?"

"घालून बघितलं गं. बाक सरकलं की कानात भांडी पडल्यासारखं होतं आणि पोरांचा आवाज त्याच्याखाली दबतो. मला चेहरे दिसले ना, की सगळं येतं. फक्त चेहरे दिसले पाहिजेत." मग बाई म्हणाल्या, "मला दुसरं काही करता येत नाही असं नाही. पण मला हेच करायचंय."

लेकीने आईचा हात धरला. "मग तुला जसं येतं तसं शिकव. काय व्हायचं ते होऊ दे."

परवाचा दिवस उजाडला. बाई प्रयोगशाळेत आल्या, माझी काच पुसली, आरसा पुसला, हृदयाचे तीन कागद काढले. मामांनी न विचारताच ढकलगाडी पुढे आणली. किती दिवसांनी ते चाक कुरकुरलं म्हणून सांगू. दहावीच्या वर्गात त्या चकचकीत फळ्याशेजारी थोडी मोकळी भिंत होती. बाईंनी माझं तोंड तिकडे वळवलं, स्वतः मुलांकडे वळल्या आणि पाठ सुरू झाला.

तास रंगात आला होता आणि हेडसर आले. दारातच थबकले. दार लावायला वळले आणि वळता वळताच बोलले, "बाई, एवढा नवा फळा भिंतीवर आहे आणि तुम्ही हे धूड कशाला बाहेर काढलंत?"

बाई निळ्या रक्तवाहिन्यांचा कागद ठेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"बाई, मी तुमच्याशी बोलतोय." आता हेडसरांचा आवाज चढला.

बाई लिहीतच होत्या. वर्गात कोणी हालेना. माझा पंखा तेवढा फिरत होता. आता हेडसर रागावून निघून जाणार आणि दहावी हातची जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. बाईंची नजर वर येईपर्यंत तशीच थांबली. मग उठून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "बाई, हेडसर आलेत. मागे, दारात. विचारतायत, हा प्रोजेक्टर का आणला."

बाईंनी दाराकडे बघितलं. मग त्या मुलीकडे बघितलं आणि मग सगळ्या वर्गाकडे. एकही चेहरा चकित झालेला नव्हता.

"तुम्हाला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

"हो बाई," ती मुलगी म्हणाली. "आम्ही आठवीत आलो तेव्हाच मोठ्या मुलांनी सांगितलं होतं. बाईंच्या तासाला तोंड नीट उघडून बोलायचं, आणि कोणाला सांगायचं नाही."

"काय माहीत आहे?" हेडसरांनी विचारलं. आता ते बाईंच्या समोर आले होते.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "सर, मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. मी मुलांचे ओठ बघून शिकवते. फळ्याकडे वळले की माझ्यासाठी वर्ग रिकामा होतो. म्हणून हा आणला."

हेडसर जवळच्या बाकावर बसले. मुलांसाठीचं बाक ते, त्यांचे गुडघे मावेनात. भिंतीवर टांगलेल्या त्यांच्याच पाटीकडे त्यांची नजर गेली, आधी हात, मग नजर, मग प्रश्न, आणि त्यांनी ती पाटी पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचली.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दहावी दिली असतीत?"

हेडसरांनी विचार केला. मी त्यांना बरीच वर्षं ओळखतो. कोणत्याही गोष्टीवर ते इतका वेळ विचार करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"नसती दिली," ते म्हणाले. "चूक झाली असती. तुम्ही शिकवा, मी बसतो."

आणि ते घंटा होईपर्यंत बसले, गुडघे आखडून. मुलांनी प्रश्न विचारले, बाईंनी उत्तरं दिली, लाल निळं रक्त नेहमीसारखं फिरून आलं. इतकी वर्षं मी उजेड पाडला, पण त्या तासासारखा नाही.

तुम्हाला वाटेल, मग माझी वरात पुन्हा रोज निघू लागली. नाही निघाली. महिन्याभरात माझा दिवा गेला. संगणकाच्या सरांनी जंग जंग पछाडलं, पण माझ्या मापाचा दिवा आता कोणी बनवत नाही. बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. सरांनी हातवारे आवरून, त्यांच्या समोर येऊन विचारलं, "बाई, तुम्हाला हाच पाहिजे, की मुलांचे चेहरे पाहिजेत?"

माझा श्वास अडकला. मला श्वास नसतो, तरी अडकला. बाईंनी माझ्या काचेवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चेहरे."

खरं सांगतो, मी हिरमुसलो. पण दुसऱ्या दिवशी सरांनी संगणकाला जोडायची एक पातळ पाटी आणली. बाईंनी मुलांकडे तोंड करून त्या पाटीवर पेन टेकवला, आणि मागच्या मोठ्या फळ्यावर रेघ उमटली. धडधडणारं हृदयही उमटलं, आणि बाई बघत होत्या मुलांकडे. मी वर्गाच्या कोपऱ्यातून बघत होतो. दिवा माझा नव्हता, पण रीत माझीच होती. मग मला कशाचं दुःख? उलट त्या पाटीला माझी पुतणी म्हणायला मला काहीच हरकत वाटली नाही. अजून तिने मला काका म्हटलेलं नाही. नवीन आहे, शिकेल.

मित्रांनो, आता मी प्रयोगशाळेत असतो. मामा धूळ पुसतात आणि पाचवीतली मुलं मला उलटा टेबललॅम्प म्हणतात. माझं एक मागणं आहे. आम्हा यंत्रांची निगा राखा, कव्हरात कोंडू नका, ओल्या फडक्याने काच पुसू नका, हे तर आहेच. पण उद्या तुमच्यापैकी कोणी आमच्याहून भारी यंत्रं बनवेल, कोणी ती शाळेत आणेल. तेव्हा आमच्या शाळेने आता लावून घेतलेली सवय तुम्हीही लावून घ्या.

गेल्या सुट्टीत प्रयोगशाळेतही मोठा फळा बसवायचं ठरलं. या वेळी हेडसरांनी बाईंना निरोप पाठवून सुट्टीतच बोलावून घेतलं. सुतार ड्रिल आणि खिळे घेऊन भिंतीशी तयार होता, संगणकाचे सर मापाची पट्टी घेऊन शिडीवर चढले होते. "थांबा," हेडसर त्यांना म्हणाले, आणि मग बाईंच्या समोर जाऊन त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही कुठे उभ्या राहणार?"

बाईंनी खोलीभर नजर फिरवली. बाकांकडे तोंड करून, उजेड मुलांच्या चेहऱ्यांवर पडेल अशा एका जागी जाऊन उभ्या राहिल्या.

"इथे," त्या म्हणाल्या. "आता ठोका खिळे."